रंगांचा पट आणि घरांतील लहान मूल

घरांत चार मुलें जमून बैठा खेळ मांडूं लागलीं, कीं त्यांतल्या अगदीं धाकट्या भावंडाला कोठें बसवावें हा प्रश्न हटकून उभा राहतो. त्याला अंक येत नाहींत, अक्षर वाचतां येत नाहीं, नियम सांगावे तर ते लक्षांत राहत नाहींत. आणि वगळावें तर तें रडून घर डोक्यावर घेतें. आपल्या समाजानें या अडचणीवर फार पूर्वींच एक तोड काढून ठेविली आहे. अशा मुलाला ‘लिंबूटिंबू’ म्हणावयाचें. लिंबूटिंबू खेळांत असतो आणि नसतोहि. तो बाद होत नाहीं, त्याच्यावर राज्य येत नाहीं, त्याचें दान कोणी मोजीत नाहीं. सर्वांची समजूत पटते. मात्र ज्याच्यासाठीं ही तोड काढली, त्याची पटते असें म्हणवत नाहीं. आपण खरेखुरे गडी नाहीं, हें तीन वर्षांच्या मुलालाहि बरोबर कळतें.

श्रोतेहो, आजच्या भाषणांत पटावरच्या खेळांच्या अशा एका प्रकाराविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, कीं ज्यांत या लिंबूटिंबूला पुरा गडी होतां येतें. या प्रकारांत अंकाचें काम रंग करतो. फांशावर ठिपक्यांच्या जागीं रंग असतात, पटावर रंगीत घरें असतात, आणि जो रंग पडला त्याच्याशीं जुळणारें घर किंवा सोंगटी शोधली, कीं आपली पाळी पुरी झाली. ‘शैक्षणिक खेळ’ या नांवानें हे पट बाजारांत मिळतात, आणि मुलाला रंग ओळखतां यावेत एवढ्याच हेतूनें आईबाप ते विकत आणतात. रंग येतीलच, परंतु तें या खेळाचें लहानसें फळ आहे. मोठें फळ निराळेंच आहे, आणि तें आपल्या एका संवयीमुळें पुष्कळदां हातचें जातें. ती संवय म्हणजे मुलाची परीक्षा घेण्याची.

मुलाच्या रंगज्ञानाविषयीं आपल्या मनांत प्रथमपासूनच एक घोटाळा असतो. रंग दिसणें, एक रंग दुसऱ्याशीं जुळविणें आणि रंगाचें नांव घेणें या तीन गोष्टी आपण एकच समजतों. वस्तुतः त्या एकामागून एक, आणि बऱ्याच अंतरानें, येणाऱ्या तीन पायऱ्या आहेत. जन्मतः बालकाची रंगदृष्टि अपुरी असते; परंतु चार ते सहा महिन्यांच्या सुमारास तांबडें, पिवळें, हिरवें, निळें हे भेद त्याच्या डोळ्यांना चांगले जाणवूं लागतात. दोन-अडीच वर्षांचें मूल तांबड्या बटणाशेजारीं तांबडें बटण आणून ठेवूं शकतें. पण ‘हा रंग कोणता?’ असें त्यालाच विचारा. तें निळ्याला खुशाल पिवळा म्हणतें, आणि दुसऱ्या क्षणीं हिरव्यालाहि पिवळाच म्हणतें. मोठी माणसें घाबरतात. याला रंग दिसतात ना, अशी शंका त्यांच्या मनांत येते.

ही शंका ज्यांना आली, त्यांत चार्लस् डार्विनसारखा सूक्ष्म निरीक्षकहि होता. त्यानें १८७७ सालीं लिहिलें आहे, कीं त्याच्या मुलांना नेहमींच्या वस्तूंचीं नांवें येत असूनहि रंगांचीं नांवें कांहीं केल्या नीट सांगतां येईनात, आणि त्यामुळें तीं रंगांध असावींत असें त्याला वाटलें. पुढें ती भीति निराधार ठरली. बुद्धिमापनाच्या कसोट्या तयार करणारा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं चार रंगांचीं नांवें सांगण्याचा प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलांसाठीं ठेविला होता. आज घरोघर रंगीत चित्रें आणि रंगीत खडू आहेत, आणि चार वर्षांचीं मुलें हा प्रश्न सहसा सोडवितात. शंभर वर्षांत मुलांचे डोळे बदललेले नाहींत. तेव्हां रंगाचें नांव घेणें ही डोळ्यांची विद्या नसून भाषेची आणि सरावाची विद्या आहे, हें उघड आहे.

ती अवघड कां असावी, हेंहि पाहण्यासारखें आहे. ‘चेंडू’ हा शब्द एका वस्तूला धरून असतो. ‘तांबडा’ हा शब्द मात्र चेंडूवरून मिरचीवर, मिरचीवरून कुंकवावर, कुंकवावरून टपालाच्या पेटीवर फिरत असतो. या साऱ्या वस्तूंचा आकार, वास, उपयोग बाजूस सारून त्यांत समान असें जें कांहीं आहे तेवढेंच मुलाला वेगळें काढावें लागतें. मराठी मुलापुढें आणखी एक वळण आहे. चेंडू तांबडा, मिरची तांबडी आणि फूल तांबडें. रंग एक आणि शब्दाचीं रूपें तीन. त्यांत पुन्हा ‘गुलाबी’ आणि ‘नारिंगी’ हे शब्द लिंगाप्रमाणें मुळींच बदलत नाहींत. अडीच वर्षांच्या जिभेला हें व्याकरण लहान नव्हे. उलट, आपल्या भाषेनें एक सोयहि करून ठेविली आहे. जांभळा, नारिंगी, डाळिंबी, अंजिरी, पोपटी, मोरपंखी, राखी, आकाशी हीं नांवें आपली ओळख आपल्याबरोबरच घेऊन येतात. जांभूळ खाऊन जीभ रंगविलेल्या मुलाला ‘जांभळा’ हा शब्द निराळा शिकवावा लागत नाहीं.

बोलण्याच्या क्रमाचाहि येथें परिणाम होतो. मायकेल रॅमस्कर आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना असें आढळलें, कीं आधीं वस्तूचें नांव आणि मागून रंगाचें नांव ऐकलें म्हणजे रंगाचा शब्द अधिक लवकर पकडतां येतो. आधीं लक्ष वस्तूवर खिळतें आणि मग तिच्या गुणाकडे वळतें, हें त्याचें कारण. आपल्या भाषेंत तर हें अगदीं सहज बोलतां येतें. ‘तांबडा चेंडू दे’ याऐवजीं ‘चेंडू दे बरें, तांबडा’ असें म्हटलें, म्हणजे झालें.

जुळविणें आधीं आणि नांव मागून, हा क्रम शिक्षणशास्त्रांत पद्धतशीरपणें बसविण्याचें श्रेय मारिया माँटेसोरी यांच्याकडे जातें. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या साहित्यांत रंगीत पट्ट्यांच्या तीन पेट्या असतात. पहिलींत तांबड्या, पिवळ्या आणि निळ्या अशा तीन जोड्या, म्हणजे केवळ ६ पट्ट्या. दुसरींत ११ रंगांच्या जोड्या, म्हणजे २२ पट्ट्या. तिसरींत ९ रंगांच्या प्रत्येकीं ७ छटा, अशा ६३ पट्ट्या. त्या गडदापासून फिक्यापर्यंत ओळीनें लावावयाच्या. पट्टी पट्टीशीं जुळवितांना आरंभीं रंगाचें नांवहि कोणी घेत नाहीं. हात आणि डोळे यांना तो भेद चांगला परिचित झाला, म्हणजे मग नांवांची पाळी येते. आणि त्यासाठीं त्यांनीं एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्याची तीन पायऱ्यांची रीति घेतली. पहिल्या पायरीवर शिक्षिका सांगते, ‘ही पट्टी तांबडी, ही निळी.’ दुसरीवर ती म्हणते, ‘मला निळी दे.’ आणि तिसरीवर विचारते, ‘ही कोणती?’ तिसऱ्या पायरीवर मूल अडलें तर त्याला ‘चुकलास’ म्हणावयाचें नाहीं. हंसून पुन्हा पहिल्या पायरीवर यावयाचें, किंवा धडा दुसऱ्या दिवसासाठीं ठेवावयाचा. घरांत आपण काय करतों? बाहेरून आलेल्या पाहुण्यासमोर मुलाला उभें करून एकदम तिसऱ्या पायरीनेंच आरंभ करतों.

पट्ट्यांचें हें काम मूल एकटें बसून करतें, आणि त्यांत त्याची एकाग्रता वाढते हें खरें. परंतु त्यांत गडी नसतात, पाळी नसते, दैवाची गांठ नसते. या तिन्ही गोष्टी पट मांडला कीं येतात. पटाला रंगाची जोड आपल्याकडे फार जुनी आहे. सारीपाटाचा पट चार भुजांचा. प्रत्येक भुजेवर तीन उभ्या रांगा आणि एकेका रांगेंत ८ घरें, म्हणजे एका भुजेवर २४ आणि चारी भुजा मिळून ९६. सोंगट्या १६, काळ्या, पिवळ्या, तांबड्या आणि हिरव्या, प्रत्येक रंगाच्या चार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत या पच्चिशीपासूनच ल्यूडो हा सुटसुटीत खेळ निघाला, आणि तोच पुढें पुठ्ठ्याच्या पटावर आपल्या घरीं परत आला. मात्र या दोन्ही खेळांत रंग हा केवळ निशाणासारखा आहे; कोणाची सोंगटी कोणती, एवढेंच तो सांगतो. चाल ठरते ती कवड्यांच्या किंवा फांशाच्या आंकड्यावर. ज्याला सहापर्यंत मोजतां येत नाहीं, त्याला तेथें लिंबूटिंबूच राहावें लागतें.

रंगालाच आंकड्याच्या जागीं बसविण्याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंत घडलें, आणि त्याची हकीगत ऐकण्याजोगी आहे. १९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें एलेनॉर ॲबट नांवाच्या एक शिक्षिका पोलिओच्या दुखण्यांतून उठत होत्या. पोलिओच्या सांथींनीं त्या काळीं तो देश हवालदिल झाला होता. त्यावरची साल्क यांची लस सर्वांना मिळूं लागली ती १९५५ सालीं. रुग्णालयांत दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून पडलेल्या लहान मुलांसाठीं ॲबट यांनीं खाऊच्या राज्यांतून जाणाऱ्या एका वांकड्यातिकड्या वाटेचा खेळ रचला. ‘कँडी लँड’ या नांवानें मिल्टन ब्रॅडली या मंडळीनें तो १९४९ सालीं बाजारांत आणला, आणि आजहि तो विकला जातो. वाट तांबड्या, पिवळ्या, निळ्या, हिरव्या, नारिंगी आणि जांभळ्या घरांची. पत्त्यांच्या गठ्ठ्यांतून वरचें पान उचलावयाचें. त्यावर एक तांबडा चौकोन असला तर पुढच्या पहिल्या तांबड्या घरांत जावयाचें, दोन असले तर दुसऱ्या. कांहीं चित्रांचीं पानें एकदम पुढें नेतात, किंवा मागेंहि आणतात. वाचन नको, मोजणी नको, हालचाल फारशी नको. उठतां न येणाऱ्या मुलाला निदान पटावर तरी चालतां येत होतें.

या खेळावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो खरा आहे. त्यांत गड्याला ठरवावयाचें असें कांहींच नसतें. पानें पिसलीं त्याच क्षणीं जय कोणाचा हें ठरून गेलेलें असतें. मोठ्या माणसाला हा खेळ म्हणूनच कंटाळवाणा होतो. परंतु मुलाच्या बाजूनें पाहिलें, तर याच दोषांत त्याचा गुण आहे. घरांतल्या प्रत्येक व्यवहारांत मोठ्यांचें बळ, मोठ्यांची उंची, मोठ्यांचें ज्ञान मुलापेक्षां अधिक असतें. या एका पटावर मात्र आजोबांचा साठ वर्षांचा अनुभव एका पानाएवढाहि उपयोगी पडत नाहीं. त्यामुळें मुलाला मिळालेला जय हा दानांत दिलेला जय नसतो. तो खरा असतो. आपण मुद्दाम हरून दाखविलें म्हणजे मुलाला तें बहुधा ओळखूं येतें, आणि त्या जयाची गोडी जाते. दैवावर चालणाऱ्या खेळांत अशी लबाडी करावी लागत नाहीं. आणि हार झाली तरी तीहि खरी असते. पुढें जातां जातां एका पानानें मागें यावें लागलें, डोळ्यांत पाणी आलें, आणि तरीहि पुढच्या पाळीपर्यंत जागेवर बसून राहिलें, एवढें ज्या मुलाला साधलें, त्यानें सहा रंगांच्या नांवांपेक्षां पुष्कळ मोठी गोष्ट कमावली.

अगदीं लहान मुलाला एकट्यानें हरणें जड जातें. त्यासाठीं खेळाचा आणखी एक घाट आहे. जर्मनींतील ‘हाबा’ या लांकडी खेळणीं करणाऱ्या मंडळीनें १९८६ सालीं ‘ओब्स्टगार्टन’, म्हणजे फळबाग, हा खेळ काढला. त्याची रचना आनेलीझे फार्काशोव्स्की यांची. चार झाडांवर प्रत्येकीं १० अशीं ४० लांकडी फळें असतात: हिरवीं सफरचंदें, पिवळे नासपाती, तांबड्या चेरी आणि निळे आलुबुखार. फांशाच्या चार बाजूंवर हे चार रंग, पांचवीवर टोपली आणि सहावीवर डोमकावळा. जो रंग पडेल त्या झाडाचें फळ काढावयाचें. टोपली पडली तर आपल्या पसंतीचीं दोन फळें. आणि डोमकावळा पडला तर त्याच्या चित्राच्या ९ तुकड्यांपैकीं एक पटावर ठेवावयाचा. चित्र पुरें होण्यापूर्वीं सारीं फळें उतरविलीं तर सर्व गडी जिंकले. नाहीं तर डोमकावळा जिंकला. येथें एक गडी दुसऱ्याला हरवीत नाहीं. सारे मिळून एका चोराशीं झगडतात. हार झाली तर ती वांटून घेतां येते.

हे पट विकतच आणले पाहिजेत असें मुळींच नाहीं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीला व पुढें कोसबाडला आदिवासी मुलांसाठीं बालशिक्षणाचें जें काम केलें, त्यांत महागड्या साहित्याच्या जागीं बिया, पानें, शिंपले, खडे अशा भोंवतालच्या वस्तु घेतल्या. शास्त्र तेंच राहिलें, साहित्य मात्र त्या मातींतलें झालें. तोच मार्ग आपणहि धरावा. एक जाड पुठ्ठा घेऊन त्यावर चार वाफे आंखावे: तांबड्या जास्वंदीचा, पिवळ्या झेंडूचा, निळ्या गोकर्णीचा आणि हिरव्या दूर्वांचा. प्रत्येक वाफ्यांत चार घरें. पुठ्ठ्याच्या रुपयापेक्षां मोठ्या १६ चकत्या कापून त्यांवर त्या त्या रंगाचा पतंगी कागद खळीनें चिकटवावा. लांकडाच्या एका मोठ्या ठोकळ्याच्या चार बाजू त्याच चार रंगांनीं रंगवाव्या. पांचवीवर परडी आणि सहावीवर ढग काढावा. काळ्या ढगाचें एक चित्र कापून त्याचे सहा तुकडे करावे. रंग पडला कीं त्या वाफ्यांतलें एक फूल परडींत जाईल. परडी पडली तर हवें तें एक फूल घ्यावयाचें. ढग पडला तर एक तुकडा लागेल. पाऊस येण्यापूर्वीं देवपूजेचीं सारीं फुलें परडींत आलीं पाहिजेत. वाफा रिकामा झाल्यावर त्याचा रंग पडला, तर ती पाळी फुकट गेली. पांच-सहा वेळां खेळून पाहावें. पाऊसच वारंवार जिंकूं लागला तर ढगाचे तुकडे वाढवावे, आणि तो कधींच जिंकेनासा झाला तर कमी करावे. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. तीन वर्षांखालील मूल हातीं लागेल तें तोंडांत घालतें. बटणें, चिंचोके, मणी अशा गिळतां येण्याजोग्या सोंगट्या त्याच्या हातीं देऊं नयेत.

या खेळांतली परडीची बाजू लहान दिसते, पण महत्त्वाची आहे. दैवाच्या खेळांत ठरविण्याची जागा तेवढीच. आरंभीं मूल परडी पडली कीं आपल्या आवडत्या रंगाचें फूल उचलील. उचलूं द्यावें. पुष्कळ डाव झाल्यावर, रिकाम्या वाफ्याचा रंग पडून पाळी फुकट गेल्याचा अनुभव घेतल्यावर, एखाद्या दिवशीं त्याचा हात सर्वांत भरलेल्या वाफ्याकडे वळेल. ज्या वाफ्यांत फुलें जास्त, तेथलें एक कमी करणें हितकर, हें अनुमान त्यानें तुमच्या सांगण्यावांचून काढलेलें असेल. ‘अरे, तें नको, हें घे’ असें आधींच सांगून आपण तें त्याच्याकडून हिरावून घेऊं नये.

आतां आपल्या वागण्याविषयीं. पट मांडल्यावर मोठ्यानें गडी व्हावें, पंतोजी होऊं नये. ‘सांग पाहूं, हा कोणता रंग?’ असें प्रत्येक पाळीला विचारलें, कीं तो पट शाळेची पाटी होतो, आणि मूल उठून जातें. त्याऐवजीं आपल्या पाळीला आपणच बोलावें. आजीनें ठोकळा टाकून म्हणावें, ‘मला निळा पडला बाई, मी गोकर्ण घेतें. आतां तुझी पाळी.’ एवढ्यांत जुळविणेंहि आलें, नांवहि आलें, आणि विचारणा कोठेंहि नाहीं. मुलानें निळ्याला हिरवा म्हणून फूल मात्र निळेंच उचललें, तर त्याची चाल बरोबर आहे. ‘हो, निळें मिळालें तुला’ असें सहज म्हणून पुढें जावें. फूलच चुकीचें उचललें, तर ठोकळा त्या फुलाशेजारीं नेऊन ठेवावा. डोळे आपली चूक आपण दुरुस्त करतील. दादा-ताईंनीं मधेंच हात घालून चाल करूं नये, हा नियम पहिल्याच दिवशीं ठरवावा. धाकट्याला विचार करावयास जो वेळ लागतो, तो त्याच्या पाळीचाच भाग आहे. आणि मुलाचें लक्ष उडण्याच्या थोडें आधींच डाव संपवावा, म्हणजे उद्यां तें आपण होऊन पट काढून आणील.

रंग जुळविण्याचे हेच खेळ आतां मोबाईलच्या कांचेवरहि मिळतात. जुळणी बरोबर झाली कीं घंटा वाजते, तारे उडतात. रंगांचा सराव त्यांत होत असेल. परंतु तेथें मुलाला कोणासाठीं थांबावें लागत नाहीं, आणि त्याच्यासाठींहि कोणी थांबलेलें नसतें. समोरच्याची पाळी संपेपर्यंत हात आवरून बसणें ही विद्या समोर माणूस असल्यावांचून येत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट विशेष कळकळीनें सांगावयाची आहे. कांहीं मुलें दीर्घकाळ खेळूनहि ठराविक रंगांतच चुकत राहतात. तांबडा आणि हिरवा, किंवा हिरवा आणि तपकिरी, यांची सतत अदलाबदल करतात. हें नांव चुकणें नव्हे, जुळणीच चुकणें. अशा वेळीं प्रथम उजेड पाहावा. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखालीं निळा आणि हिरवा मोठ्यांनाहि फसवितात, तेव्हां खेळ दिवसाच्या उजेडांत मांडावा. तरीहि चूक तीच राहिली, तर मुलाला मंद ठरवूं नये आणि धाक घालूं नये. तें जन्मजात रंगांध असण्याचा संभव आहे. तांबड्या-हिरव्याचा हा दोष ‘एक्स’ या गुणसूत्रावरून येतो. म्हणून तो मुलींपेक्षां मुलांत फार अधिक आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारें १२ पुरुषांमागें एकाला तो असतो, स्त्रियांत मात्र २०० मागें एखादीला. इतर समाजांत प्रमाण कांहींसें कमी आहे. आईची दृष्टि निर्दोष असूनहि तिच्याकडून तो मुलाकडे येऊं शकतो. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन स्वतः असा होता, आणि १७९४ सालीं त्यानें आपल्याच दृष्टीचें वर्णन विद्वानांपुढें वाचलें. नेत्रवैद्याकडे नेल्यास जपानी डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनीं १९१७ सालीं तयार केलेल्या ठिपक्यांच्या चित्रांनीं हा दोष थोड्याच वेळांत उमगतो. अंक न येणाऱ्या मुलाला त्यांतील वाटेवरून बोट फिरवावयास सांगतात. या दोषावर नेहमींचा उपाय नाहीं, पण तो लवकर कळला तर शाळेंतली कितीतरी बोलणीं टळतात. अशा मुलासाठीं खेळ बंद करण्याचें कारण नाहीं. प्रत्येक रंगाबरोबर एकेक खूण द्यावी. आपल्या पटावर तर फुलाचा आकार आहेच, तोच ठोकळ्यावरहि काढावा. मग तें मूल आकारावरून चाल करील आणि इतर रंगावरून करतील. डाव मात्र एकच राहील.

पांचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाला हा पट अपुरा वाटूं लागेल. एके दिवशीं तें दादाच्या ल्यूडोंतील ठिपक्यांचा फांसा उचलून आणील आणि ‘याच्यानें खेळूं’ म्हणेल. त्या वेळीं रंगांचा ठोकळा बिनतक्रार बाजूला ठेवावा, पुढच्या भावंडासाठीं जपून ठेवावा, आणि पच्चिशीचा पट अंथरावा. चौथ्या रंगाच्या सोंगट्या घेऊन बसावयास घरांत आतां एक गडी वाढलेला असेल.